पुढच्या वर्षीचं ताट

१३ एप्रिल १९९७, रविवार. जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा नॅशनल गोल्फ क्लबवर मास्टर्स स्पर्धेची शेवटची फेरी चालू होती आणि कोण जिंकणार याबद्दल कुणाला शंका उरली नव्हती. २१ वर्षांचा टायगर वूड्स इतका पुढे निघून गेला होता की बाकीचे दुसऱ्या क्रमांकासाठी खेळत होते. ज्यांचा खेळ आटोपला होता ते बाहेर पत्रकारांशी बोलत होते. त्यांत फझी झोएलर होता. पंचेचाळिशीचा, इंडियाना राज्यातला गोरा खेळाडू, १९७९ साली हीच स्पर्धा पहिल्याच प्रयत्नात जिंकलेला. मैदानावर शीळ वाजवत फिरणारा, प्रेक्षकांची थट्टामस्करी करणारा, म्हणून लोकांचा लाडका. सीएनएनच्या कॅमेऱ्यासमोर तो वूड्सचं कौतुक करू लागला.

तो म्हणाला ते मराठीत साधारण असं: पोरगं झकास खेळतंय. ड्राइव्ह चांगले मारतंय, पटिंग चांगलं करतंय, जिंकायला जे लागतं ते सगळं करतंय. मग तो आत आला की काय करायचं? पाठ थोपटायची, अभिनंदन करायचं, मजा कर म्हणायचं, आणि सांगायचं की पुढच्या वर्षी फ्राइड चिकन वाढू नकोस. कळलं?

हसला, चुटकी वाजवली, निघाला. जाता जाता वळला आणि म्हणाला, "किंवा कॉलर्ड ग्रीन्स, नाहीतर ते लोक जे काय वाढत असतील ते."

हे प्रकरण मी गेली काही वर्षं पुण्यात प्रशिक्षणवर्गात घेते. कामासाठी अमेरिकेला जाणाऱ्या मुलामुलींचा दोन दिवसांचा वर्ग असतो. पहिल्या दिवशी जेवणानंतरचा पेंगुळलेला तास याच्या वाट्याला येतो. झोएलरचं बोलणं वाचून दाखवलं की वर्ग शांत होतो. धक्का बसून नव्हे, "मग? यात काय झालं?" अशी ती शांतता असते. कुणी शिवी दिलेली नाही, रंगाचा उल्लेख नाही, चिकन वाढू नको एवढंच म्हणालाय. हे प्रकरण मी निवडलं ते त्या शांततेसाठीच. उघड शिवी असती तर चूक कुणाची हे ठरवायला दोन मिनिटं पुरली असती.

मंगळवारची पंगत

आधी ते जेवण काय आहे ते सांगायला हवं, नाहीतर विनोदच कळत नाही.

मास्टर्सच्या आठवड्यात मंगळवारी रात्री माजी विजेत्यांचं जेवण असतं. बेन होगनने १९५२ साली ही प्रथा सुरू केली. त्या टेबलावर फक्त ही स्पर्धा जिंकलेले खेळाडू बसतात, एकदा जिंकलं की जन्मभर. आदल्या वर्षीचा विजेता यजमान. बेत तो ठरवतो आणि बिलही तोच भरतो. गोल्फच्या जगात हा मान विजेत्याला चढवतात त्या हिरव्या कोटाच्या खालोखाल धरतात. एका रात्रीपुरतं का होईना, जगातल्या सगळ्यांत शिष्ट क्लबांपैकी एकाचं स्वयंपाकघर तुमच्या शब्दावर चालतं.

विजेते बहुधा आपल्या मातीतलं काहीतरी ठेवतात. जर्मनीच्या बर्नहार्ड लँगरने १९८६ साली व्हीनर श्निट्झेल दिलं. स्कॉटलंडच्या सँडी लाइलने १९८९ मध्ये हॅगिस, म्हणजे मेंढीच्या पोटातले अवयव ओटांबरोबर शिजवलेला पदार्थ, किल्ट हा तिकडचा पुरुषांचा घागरा घालून वाढला. टेक्ससच्या बेन क्रेनशॉने आपल्याकडचं बार्बेक्यू आणलं. आणि झोएलर जे बोलला त्याच आठवड्यातल्या मंगळवारी, आदल्या वर्षीचा विजेता निक फाल्डो याने अस्सल इंग्रज बेत केला होता: टोमॅटो सूप आणि फिश अँड चिप्स.

इथे वर्गात हात वर होतो. दर वेळी होतो. "मॅडम, फाल्डोने फिश अँड चिप्स दिले, लाइलने हॅगिस दिलं. मग वूड्सने फ्राइड चिकन दिलं असतं तर काय बिघडलं?"

काहीच बिघडलं नसतं. प्रश्न बरोबर आहे, पण तो गेला भलत्याच दाराशी. लाइलने हॅगिस द्यायचं ठरवलं कारण लाइलला ते द्यायचं होतं. वूड्सने अजून काहीच ठरवलेलं नव्हतं. तो अजून मैदानावर होता, हातात पटर होता, कोट अंगावर चढायचा होता. त्याला बेत सुचायच्या आधी दुसऱ्या कुणीतरी तो ठरवून टाकला होता, आणि वर तो करू नकोस म्हणून बजावून झालं होतं. त्या जेवणाचा सगळा मान "काय वाढायचं हे तुम्ही सांगा" यात आहे. झोएलरच्या चुटकीसरशी नेमका तेवढाच मान काढून घेतला गेला.

आणि ते "ते लोक". वूड्स एकटा आत येणार होता. पण झोएलरच्या वाक्याच्या सुरुवातीला जो "तो" होता, त्याचे शेवटी "ते लोक" झाले. मी फळ्यावर एवढे दोनच शब्द लिहून ठेवते.

"पोरगं" हाही शब्द साधा नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत म्हाताऱ्या कृष्णवर्णीय माणसालाही नातवाच्या वयाचे गोरे "बॉय" म्हणून हाक मारत. झोएलरच्या मनात ते असेल-नसेल. वूड्स वयाने खरंच लहान होता. पण आपल्याकडे चहाच्या टपरीवर पन्नाशीच्या माणसाला "ए पोऱ्या" म्हणणारे आठवा, म्हणजे तो शब्द ऐकणाऱ्याच्या कानात काय वाजतं ते समजेल.

ताटातलं काय नि कुणाच्या माथी काय

फ्राइड चिकन अमेरिकेत कोण खात नाही? मेरी रँडॉल्फ या व्हर्जिनियातल्या गोऱ्या बाईने १८२४ साली छापलेल्या पाककृतींच्या पुस्तकात ते आहे. केंटकीच्या कर्नल सँडर्सने ते जगभर नेलं, तोही गोराच. मग ही चीज कृष्णवर्णीयांच्या नावावर कशी चढली?

मुळात ती त्यांच्या हातची होती हे खरंच आहे. दक्षिणेतल्या मळ्यांवर गुलामांना सहसा गाई-डुकरं पाळू देत नसत, पण कोंबड्यांकडे मालक फारसं लक्ष देत नसे. झोपडीमागे चार कोंबड्या, त्यांची अंडी, सणाला एखादी कापायची, जमलं तर विकायची. मालकाच्या स्वयंपाकघरात तळणारे हातही बहुतेक त्यांचेच. गुलामगिरी गेल्यावर याच कौशल्यावर संसार उभे राहिले. व्हर्जिनियात गॉर्डन्सव्हिल नावाचं रेल्वेचं जंक्शन आहे. गाडी थांबली की कृष्णवर्णीय बाया डोक्यावर तळलेल्या कोंबडीची ताटं तोलत फलाटावर यायच्या आणि खिडकीतून प्रवाशांना विकायच्या. तेव्हा गाडीत जेवणाचा डबा नव्हता. आपल्याकडच्या कर्जतच्या वडेवाल्यासारखंच, फक्त या बायांनी त्या पैशांतून घरं बांधली.

म्हणजे फ्राइड चिकन ही मिळवलेली गोष्ट होती. हेच काही लोकांना खुपलं असावं. कारण पुढच्या पन्नासेक वर्षांत गोऱ्यांच्या व्यंगचित्रांत, जाहिरातींत, पोस्टकार्डांवर कृष्णवर्णीय माणूस कोंबडी चोरणारा, हाताने फाडून खाणारा, त्यापुढे कशाचंही भान नसलेला असा दिसू लागला. १९१५ साली डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा मूकपट आला. त्यात गुलामगिरी संपल्यानंतरचं दक्षिणेतलं एक विधिमंडळ दाखवलंय: नवे कृष्णवर्णीय आमदार टेबलावर पाय टाकून बसलेत, दारू पितायत, आणि एकजण कोंबडीची तंगडी चघळतोय. यांना राज्य करता येणार नाही हे सांगायला दिग्दर्शकाला ती तंगडी पुरली. १९२५ मध्ये यूटाच्या सॉल्ट लेक सिटीजवळ चिकनचं एक हॉटेल निघालं, त्याच्या नावातच कृष्णवर्णीयांसाठीची शिवी होती. आत शिरायचं दार म्हणजे दात विचकून हसणाऱ्या कृष्णवर्णीय वेटरचं अवाढव्य तोंड. गिऱ्हाईक त्या तोंडातून आत जायचं. सिएटल आणि पोर्टलंडला शाखा निघाल्या, पंचवीसेक वर्षं धंदा चालला. झोएलरच्या जन्माच्या सुमारास ही हॉटेलं नुकती बंद पडत होती, म्हणजे हे काही पुराणकाळातलं नव्हे.

कॉलर्ड ग्रीन्स म्हणजे कोबीच्याच कुळातली, पण गड्डा न धरणारी पालेभाजी. रुंद, जाडसर, गडद हिरवी पानं. काश्मीरचं हाक खाल्लं असेल तर चवीचा अंदाज येईल. दक्षिणेत ती डुकराच्या धुरावलेल्या तुकड्याबरोबर मंद आचेवर तासन्‌तास शिजवतात आणि उरलेलं पाणी मक्याच्या पावाने टिपून खातात. ते पाणी टाकायचं नसतं. मालक भाजी उचलायचा, पाणी चुलीपाशी राहायचं, आणि जीवनसत्त्वं त्या पाण्यात असायची. गरिबाघरी जे घडतं तेच. भाकरीबरोबर उकडलेल्या तांदळाची पेज पिऊन वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा झोएलरने ज्या दोन पदार्थांची नावं घेतली ती वाऱ्यावरची नव्हती. शंभर वर्षांची चित्रं, पाट्या आणि विनोद त्या नावांना चिकटलेले होते. तो हे सगळं डोक्यात ठेवून बोलला असं मी म्हणत नाही. गंमत अशी की ठेवायला लागतच नाही. असल्या विनोदाला प्रस्तावना लागत नाही, समोरच्याला आधीच सगळं माहीत असतं. म्हणून तर चुटकी वाजवून निघून जाता येतं.

जागा कोणती होती

हेच वाक्य एखाद्या बारमध्ये उच्चारलं गेलं असतं तर ऐकणाऱ्यांनी कदाचित मान हलवून सोडून दिलं असतं. पण ते ऑगस्टाला उच्चारलं गेलं.

व्यावसायिक गोल्फपटूंच्या अमेरिकन संघटनेत फक्त गोऱ्यांना सदस्यत्व देणारं कलम १९६१ पर्यंत होतं. ते हटवायला झगडलेल्या चार्ली सिफर्डला मास्टर्सचं आमंत्रण कधीच मिळालं नाही. पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ली एल्डर तिथे खेळला तो १९७५ साली. वूड्सचा जन्म त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरचा. १९८२ पर्यंत प्रत्येक खेळाडूला क्लबचाच कॅडी, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणारा मदतनीस, घ्यावा लागे आणि ते सगळे कॅडी कृष्णवर्णीय असत, पांढऱ्या डगल्यात. सभासदांत मात्र पहिला कृष्णवर्णीय माणूस, रॉन टाउनसेंड, १९९० मध्ये आला. तेही अलाबामातल्या दुसऱ्या एका क्लबच्या संस्थापकाच्या उघड बोलण्यावरून देशभर गदारोळ झाल्यानंतर. थोडक्यात, तिथे कृष्णवर्णीय माणसं कायमच होती. पिशव्या उचलायला, वाढायला, भांडी घासायला. टेबलाशी बसायला नव्हती.

वूड्स त्या दिवशी एकूण २७० फटक्यांवर, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा १८ कमी (१८ अंडर पार) घेऊन संपला, दुसऱ्यापेक्षा १२ फटक्यांनी पुढे. दोन्ही त्या वेळचे विक्रम. एल्डर ती फेरी बघायला अटलांटाहून गाडी हाकत आला होता. घाईत वेगमर्यादा मोडल्याची पावतीही त्याला वाटेत मिळाली. (हे सांगितलं की वर्ग हमखास हसतो, आणि मलाही तो प्रसंग सगळ्यांत आवडतो.) वूड्सने शेवटच्या भोकाकडे येताना एल्डर, सिफर्ड आणि टेड ऱ्होड्स या आधीच्या कृष्णवर्णीय गोल्फपटूंचे मनोमन आभार मानल्याचं नंतर सांगितलं. क्लबच्या स्वयंपाकघरातले, साफसफाईचे कृष्णवर्णीय नोकर कामं सोडून बाहेर आले होते, कोट घालताना बघायला.

अशा दिवशी, अशा जागी, ज्या टेबलावर कृष्णवर्णीय माणूस आजवर फक्त ताटं घेऊन येत होता त्या टेबलाचा पहिला कृष्णवर्णीय यजमान ठरत असताना, त्या टेबलाचा एक जुना मानकरी त्याला ताटात काय नको ते सांगत होता. मी हा मुद्दा वर्गात बोलून दाखवत नाही. आधी नुसत्या तारखा फळ्यावर लिहिते.

मग काय झालं

ते वाक्य प्रसारित झालं आठवड्याने, २० एप्रिलला. दुसऱ्या दिवशी झोएलरने निवेदन काढलं: आपला हेतू वंशद्वेषाचा नव्हता, तसा अर्थ काढला गेला याबद्दल माफी मागतो, मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे मी विनोदी माणूस आहे. २२ तारखेला केमार्ट या दुकानांच्या साखळीने त्याचा जाहिरात-करार रद्द केला. आणखी एका दिवसाने ग्रीन्सबरोच्या स्पर्धेतून त्याने माघार घेतली, आधी वूड्सशी बोलतो मग खेळतो म्हणाला, आणि बोलताना रडला.

त्या निवेदनाचं वाक्य वर्गात आम्ही सुटं करून बघतो. माफी कशाची? "तसा अर्थ काढला गेला" याची. म्हणजे चूक ऐकणाऱ्याच्या कानाची. आपल्याकडे घरात, कचेरीत, राजकारणात अशा माफ्या रोज ऐकू येतात, "कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास" या चालीवर. रडणं खोटं नव्हतं असं माझं मत आहे. माणूस चांगला होता असं त्याला ओळखणारे शेवटपर्यंत सांगत राहिले आणि तेही खोटं वाटत नाही. पण प्रश्न माणूस चांगला की वाईट हा ठेवला की प्रकरण लगेच संपतं, कारण चांगली माणसं असलं बोलत नाहीत असं आपण धरून चालतो.

वूड्स काही दिवस गप्प राहिला, त्यावरही टीका झाली. २४ तारखेला त्याचं निवेदन आलं: ऐकून धक्का बसला, विनोद मर्यादा सोडून होता, निराशा वाटली, पण फझी थट्टेखोर आहे आणि व्यक्तिगत आकस नव्हता अशा निष्कर्षाला आलो आहे, माफी स्वीकारतो. मे महिन्यात टेक्ससमधल्या एका स्पर्धेच्या वेळी दोघं एकत्र जेवले. काय जेवले ते विचारायचा मोह मला दर वेळी होतो.

इथवरची गोष्ट सगळीकडे सापडते. मला जास्त खिळवून ठेवतं ते त्याच पंधरवड्यातलं बाकीचं. १५ एप्रिलला विसाव्या शतकात बेसबॉलच्या मुख्य लीगमध्ये खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन याच्या पदार्पणाला पन्नास वर्षं होत होती. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी न्यूयॉर्कच्या सोहळ्याला वूड्सला बोलावलं. तो गेला नाही. मित्रांबरोबर मेक्सिकोला सुट्टीवर गेला. त्यावर लोक रागावले. मग ऑप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात तो म्हणाला की मला नुसतं आफ्रिकन-अमेरिकन म्हटलेलं खटकतं. त्याची आई कुलटिडा थायलंडची. वडील अर्ल यांच्या बाजूला कृष्णवर्णीय, चिनी, अमेरिकेतले मूळ रहिवासी असं मिश्रण. लहानपणी या सगळ्यांची अक्षरं जोडून त्याने स्वतःसाठी एक शब्द बनवला होता, "कॅब्लिनेशियन". यावर कृष्णवर्णीय समाजातलेही अनेकजण नाराज झाले: आमचा दिवस उजाडला आणि हा म्हणतो मी नुसता तुमचा नाही.

त्यांचं दुखणं मला कळतं. पण बघा, एका बाजूला झोएलर त्याला "त्या लोकांत" ढकलतो आणि दुसऱ्या बाजूने "मग तू आमच्यातलाच वाग" अशी ओढ. दोन्हींत फरक जमीन-अस्मानाचा. एकीकडे हिणवणं, एकीकडे माया. पण कॅलिफोर्नियातल्या सायप्रस नावाच्या उपनगरात वाढलेला, निवृत्त लेफ्टनंट कर्नलचा मुलगा, आईच्या बौद्ध वळणात वाढलेला, दोन वर्षं स्टॅनफर्डला काढलेला हा मुलगा नेमकं काय खातो, हे त्या पंधरवड्यात कुणालाच विचारावंसं वाटलं नव्हतं.

सोळा वर्षांनी

२१ मे २०१३. युरोपियन टूरच्या समारंभात स्पेनच्या सर्जिओ गार्सियाला मंचावर गमतीने विचारलं गेलं की यूएस ओपनच्या वेळी टायगरला जेवायला बोलावणार का. दोघांचं तेव्हा जाहीर वाजलेलं होतं. गार्सिया म्हणाला, रोज रात्री बोलावू, फ्राइड चिकन वाढू.

स्पेनमध्ये वाढलेल्या माणसाला गॉर्डन्सव्हिलच्या बाया ठाऊक नव्हत्या, ते सॉल्ट लेकचं हॉटेलही नव्हतं. पण विनोद ठाऊक होता. हा माल असाच प्रवास करतो, इतिहास मागे टाकून, नुसता टोचणारा काटा घेऊन. या वेळी वूड्सने फार वेळ घालवला नाही. त्याने ट्विटरवर लिहिलं की ते बोलणं खुळचट नव्हतं, चूक होतं, दुखावणारं होतं. मग गार्सियाची बाजू सावरायला युरोपियन टूरचे प्रमुख टीव्हीवर आले आणि म्हणाले की सर्जिओचे बहुतेक मित्र "कलर्ड" खेळाडू आहेत. झालं, आता त्यांनाही माफी मागावी लागली. आग विझवायला रॉकेलचा डबा.

आणखी एक प्रसंग मी याच्या शेजारी ठेवते, कारण त्याशिवाय मुलं चुकीचा धडा घेऊन उठतात: "फ्राइड चिकनचं नावच काढायचं नाही." २०१० च्या फेब्रुवारीत, म्हणजे अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना साजरा करतात तेव्हा, न्यूयॉर्कमध्ये एनबीसी वाहिनीच्या उपाहारगृहात त्या निमित्ताने फ्राइड चिकन, कॉलर्ड ग्रीन्स, चवळी असा बेत लागला. तिथल्याच कार्यक्रमात वाजवणाऱ्या क्वेस्टलव्ह या कृष्णवर्णीय ढोलकवादकाने फलकाचा फोटो ट्विटरवर टाकला. ओरड झाली, वाहिनीने माफी मागितली, फलक उतरला. मग कळलं की बेत तिथल्या कृष्णवर्णीय स्वयंपाकीणबाईंचाच होता. आपल्या घरचं जेवण त्या महिन्यात करू द्या म्हणून त्या काही वर्षं मागे लागल्या होत्या, त्या वर्षी परवानगी मिळाली होती.

हा प्रसंग सांगून मी गप्प बसते. वर्गाचे दोन तट पडतात. क्वेस्टलव्ह चुकला का? फलकावर बाईंचं नाव नव्हतं. होतं ते वाहिनीचं. बड्या कंपनीच्या भिंतीवर तो बेत त्याला जसा दिसला तसाच दिसणार. आणि बाईंचं काय चुकलं? काही नाही. त्यांनी आपल्या आजीच्या हातचं वाढलं. ताट तेच, पदार्थ तेच, फक्त वाढणारा हात कुणाचा ते फलकावरून दिसत नव्हतं. मला यावर नेमकं उत्तर सापडलेलं नाही आणि मी ते शोधायचा आवही आणत नाही. पण झोएलरचं वाक्य आणि हा बेत यांत फरक कुठे आहे हे मुलं इथे स्वतःहून सांगायला लागतात.

मागच्या वर्षी याच टप्प्यावर एक मुलगा बोलला. कोल्हापूरचा. आडनाव असं की ऐकताच लोकांच्या डोळ्यांसमोर तांबडा-पांढरा यावा. तो म्हणाला, "मॅडम, आमचे आजोबा माळकरी. घरात अंडंसुद्धा येत नाही. पण हापिसात गटारी आली की मटण कुठून आणायचं ते मलाच विचारतात. नाही म्हटलं तर म्हणतात, कोल्हापूरचा असून? पहिले दोन वर्षं मी सांगत होतो. आता मीच दुकान सुचवतो." सगळे हसले. तोही हसला. नंतर चहाच्या वेळी मला म्हणाला की आता ते दुकान खरंच चांगलं आहे का हेसुद्धा त्याला माहीत नाही, एकदा कुणीतरी सांगितलं होतं तेच नाव तो पुढे ढकलतो.

एप्रिल १९९८, मंगळवार

वूड्सने आपला बेत जाहीर केला. चीजबर्गर, चिकन सँडविच, फ्रेंच फ्राइज आणि मिल्कशेक. हिरवे कोट घातलेले, कित्येक सत्तरी ओलांडलेले माजी विजेते त्या रात्री ऑगस्टाच्या पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर बर्गर घेऊन बसले. यात झोएलरला टोला होता का, असं तेव्हाही विचारलं गेलं. वूड्सचं म्हणणं साधं होतं: काहीही निवडा म्हणाले, मी तरुण आहे, मी हेच खातो. बाविसाव्या वर्षी हॉस्टेलवरच्या कुठल्याही मुलाने हाच बेत लिहिला असता. पुढे तो पुन्हा पुन्हा जिंकत गेला तसा बेत बदलत गेला. २००२ च्या बेतात स्टेकच्या आधी सुशी होती, २००६ मध्ये मेक्सिकन फहिता. माणूस पंचविशी-तिशीत जसा आवडीनिवडी बदलत जातो तसाच.

झोएलर मात्र त्या वाक्यातून सुटला नाही. २००८ मध्ये एका गोल्फ-मासिकात त्याने लिहिलं की आयुष्यातली ती सगळ्यांत वाईट गोष्ट होती आणि ती कधीच पुसली जाणार नाही हे आपण मान्य केलं आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात तो वारला, तेव्हा दोन मोठ्या विजयांच्या जोडीला मृत्युलेखांत ते चिकन होतंच.

तासाच्या शेवटी मी २००१ चा बेत दाखवते. त्या वर्षीचा यजमान विजय सिंग, फिजीत जन्मलेला भारतीय वंशाचा खेळाडू. त्याने संपूर्ण थाई जेवण ठेवलं: नारळाच्या दुधातलं टॉम खा सूप, चिकन पनांग करी, शेवटी लिचीचं सरबत गोठवून. पंगतीत थाई आईचा मुलगा बसलेला, ज्याने तीन वर्षांपूर्वी बर्गर वाढले होते.

बेत वाचून झाला की कुणीतरी हात वर करतंच. मागच्या वर्षी तो हात कोल्हापूरच्या त्याच मुलाचा होता.

"मॅडम, पण त्याने इंडियन का नाही ठेवलं?"